जपानच्या ओकिनावा बेटावरील शुरी किल्ला 2019 च्या आगीत जळाला, तर त्याचा जागतिक वारसा दर्जा गेला का? तेथील जुन्या रियुक्यू राज्याचा राजमुकुटही जळाला का?

नाही, दर्जा कायम आहे आणि मुकुटही शाबूत आहे. युनेस्कोने 2000 साली ओकिनावातील गुसुकू, म्हणजे रियुक्यू राजवटीचे गड, आणि त्यांच्याशी संबंधित अशी एकूण नऊ स्थळे यादीत घेतली. त्यात शुरीचा समावेश झाला तो जमिनीखालील पुरातत्त्वीय अवशेषांमुळे. 31 ऑक्टोबर 2019 रोजी जळालेला लाल रंगाचा मुख्य महाल मुळात 1992 मधील पुनर्बांधणी होता, कारण जुना महाल 1945 च्या ओकिनावा युद्धातच नष्ट झाला होता. जुन्या महालाचा दगडी पाया या नव्या वास्तूखाली जपलेला असून प्रेक्षकांना तो काचेतून पाहता येत असे.

सोने, चांदी, पोवळे आणि स्फटिक यांचे मणी ओळींनी जडवलेला मुकुट रियुक्यूच्या शो राजघराण्याच्या संग्रहात मोडतो. हा संग्रह 2006 मध्ये जपानची ‘राष्ट्रीय संपदा’ ठरला आणि तो किल्ल्यात नव्हे, तर नाहा शहराच्या इतिहास संग्रहालयात असतो. मात्र ‘काहीच गेले नाही’ असे म्हणता येणार नाही, कारण किल्ल्यात ठेवलेल्या, लाखकामासह अनेक कलावस्तू त्या आगीत खरोखरच नष्ट झाल्या.