मुलीची पोटगी थकलीये, वर्ष उलटलं, म्हणून सगळं बुडालं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की जून २०२२ मध्ये कोर्टाने मुलीसाठी दरमहा ६,००० रुपये पोटगी ठरवली, दर महिन्याच्या १० तारखेला देय. मार्च २०२४ पर्यंत तिच्या वडिलांकडून पैसे आले, पुढे छदाम नाही. आता ऑगस्ट २०२५ संपत आला. 'वर्षाच्या आत अर्ज केला नाहीस, आता विसर', असं तुमच्या मामांचं म्हणणं.

मामांचं अर्धवट बरोबर आहे, आणि या अर्धवट माहितीपायीच कित्येक बायका हक्कावर पाणी सोडतात. विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेविका म्हणून मी हे सतत बघते.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. एक वर्षाची अट दोन्हीकडे तीच: रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज दाखल झाला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट, म्हणजे वसुलीचा कोर्टाचा हुकूम, निघत नाही. हे वर्ष निकालाच्या तारखेपासून मोजत नाहीत. प्रत्येक महिन्याच्या हप्त्याचं वर्ष वेगळं.

तुमचाच हिशोब मांडू. एप्रिल २०२४ ते ऑगस्ट २०२५ असे १७ हप्ते थकले, म्हणजे १,०२,००० रुपये. आज अर्ज टाकलात तर सप्टेंबर २०२४ पासूनचे १२ हप्ते, ७२,००० रुपये, मुदतीत बसतात. १० सप्टेंबर उलटली की सप्टेंबर २०२४ चा हप्ता हातचा जाईल, पुढच्या महिन्यात ऑक्टोबरचा. म्हणून 'दिवाळीनंतर बघू' नको. मुलीचे वडील 'दोन महिन्यांत एकदम देतो' म्हणत असतील तरी अर्ज आधी टाका, बोलणी नंतर करा. तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही. समोरचे वकील हे पक्कं जाणतात आणि गोड बोलून महिने काढतात, याचा मला मनापासून राग येतो.

एकदा अर्ज दाखल झाला की तो प्रलंबित असताना पुढे थकणारे महिने त्यातच वाढवून मागता येतात. दर वर्षी नवा अर्ज लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शांता विरुद्ध शिवनंजप्पा प्रकरणात हे स्पष्ट केलंय.

मग एप्रिल ते ऑगस्ट २०२४ चे ३०,००० रुपये? ते मेलेले नाहीत. पूंगोडी विरुद्ध थंगवेल या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की एक वर्षाची अट फक्त वॉरंटच्या मार्गाला आहे, पोटगीचा हक्क त्याने संपत नाही. दिवाणी मार्ग उघडा राहतो. हिंदू व्यक्तीने थकीत पोटगीसाठी लावायच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे ३ वर्षं मिळतात. म्हणजे एप्रिल २०२४ च्या हप्त्याला एप्रिल २०२७ पर्यंत वेळ आहे. इतक्या रकमेसाठी वेगळा दावा परवडेल का, हे वकिलांशी बसून ठरवा. मी असते तर आधी ७२,००० च्या मागे लागले असते.

'जेलमध्ये जाईन पण पैसे देणार नाही' ही धमकीही तुम्ही लिहिलीय. वॉरंटनंतरही न दिलेल्या प्रत्येक महिन्याच्या पोटगीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे १९८९ पासून ठरलेलं आहे. त्यामुळे त्या वाक्याला घाबरू नका.

अर्जासोबत तक्ता जोडा: महिना, देय तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी. शेजारी पासबुकाच्या नोंदी. त्यांनी मध्येच शाळेची फी भरली असेल, रोख दिले असतील, तर तेही लिहा. लपवलेली एक पावती समोरून आली की सगळ्या तक्त्यावर शंका घेतली जाते.

याच धाग्यात आणखी एका ताईंनी विचारलंय की त्यांनी अजून अर्जच केलेला नाही, उशीर झालाय का. मूल १८ चं होईपर्यंत पहिल्या अर्जाला अशी मुदत नाही. पण पैसे मागच्या वर्षांचे मिळत नाहीत. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं. थांबलेला प्रत्येक महिना वजाच. मुलगी १८ ची झाली तरी त्याआधीची थकबाकी राहतेच, आणि अविवाहित हिंदू मुलीला स्वतःचं भागवता येत नसेल तर १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली वडिलांकडे मागता येतं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जा. बाई आणि मूल यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. निकालाची प्रमाणित प्रत घरात सापडत नसेल, तर उद्याच कोर्टात नकलेचा अर्ज टाका; तिच्यात दिवस जातात.