मोन्तीवरच्या मैफलीला पहिल्यांदा जाताना

ओल्ड गोव्याच्या मोन्तीवरच्या, म्हणजे टेकडीवरच्या, कपेलात (छोट्या चर्चमध्ये) पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायला पहिल्यांदा जातोयस, तर वेळेआधी पोच. चढ आहे, आणि एकदा वादन सुरू झालं की मधेच आत शिरणं बरं दिसत नाही.

आपली पंचाईत होते ती टाळ्यांची. केसरबाई, मोगूबाईंसारख्या गायिकांच्या या भूमीत चांगली जागा आली की 'वाहवा' आपोआप तोंडून निघते. इथे ती गिळायची. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (थोडं मोठं, खालच्या सुराचं व्हायोलिन) आणि एक चेलो (त्याहून मोठं, खर्जाचं) अशा चौघांसाठीची रचना. तिचे बहुधा चार भाग असतात; मधल्या शांततेत टाळी नाही, चौथा संपून धनू (वाजवायचे गज) खाली आले की मग मनसोक्त. (मला हा नियम थोडा कंजूषच वाटतो, पण पाळतो.)

जायच्या आधी घरी एकच गोष्ट ऐक: संगीतकार हायडनच्या १७९७ च्या 'एम्परर' क्वार्टेटचा दुसरा भाग. एकच चाल आधी पहिलं व्हायोलिन वाजवतं, मग दुसरं, मग चेलो, मग व्हायोला, शेवटी पुन्हा पहिलं. चाल तशीच राहते, भोवतालची वीण तेवढी बदलते. एवढं कानात बसलं की कुठलंही क्वार्टेट परकं वाटणार नाही.

समोर कंडक्टर नसतो. पहिल्या व्हायोलिनवाल्याकडे बघ; सुरुवातीला तो नाकाने श्वास ओढतो, धनू किंचित उचलतो, आणि बाकीचे तिघे त्यावर सम गाठतात. हे दिसायला पुढच्या रांगा बऱ्या. नाद एकजीव ऐकायचा तर थोडं मागे बस.

खोकल्याची गोळी आधीच सोलून ठेव. दगडी भिंतींत कागदाचा चुरचुर आवाजही मोठा होतो.