पदार्पणाआधीच आठ वर्षांचा करार करणारा बेसबॉल खेळाडू स्वतःला स्वस्तात विकतो का?

नाही. आणि हे मी ठामपणे सांगतोय, कारण या एका प्रश्नावरून आमच्या घरात अजूनही दिवाळीच्या फराळावर आवाज चढतात.

तुम्ही लिहिलंय की भारतातून अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्यामुळे तुम्ही त्यांच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाकडे वळलात (हा रिंकू भालाफेक करणारा, क्रिकेटमधला रिंकू वेगळा), आणि तेव्हापासून दोन गोष्टी खटकतात. तयार झालेल्या खेळाडूला संघ मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, अडकवून का ठेवतो? आणि ज्यांना आधीच लांबचा करार मिळतो ते पुढे दहापट मिळायची शक्यता असताना तो घेतात कसे?

पहिल्याचं थोडक्यात सांगतो. मेजर लीगचा हंगाम साधारण १८७ दिवसांचा. त्यातले १७२ दिवस वरच्या संघात काढले की सेवेचं एक वर्ष भरतं. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, हव्या त्या संघाशी बोलू शकतो. म्हणजे पहिल्याच हंगामात पोराला दोन-तीन आठवडे खाली बसवलं की संघाला त्याचं एक वर्ष जास्तीचं मिळतं. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला वर बोलावलं. हंगाम संपला तेव्हा त्याचे १७१ दिवस भरले होते, एका दिवसाने वर्ष हुकलं, आणि त्याच वर्षी तो रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, ठरला. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये निकाल संघाच्या बाजूने लागला. लीग आणि खेळाडूंच्या युनियनमधल्या २०२२ च्या सामूहिक करारात यावर थोडा तोडगा निघाला: रूकीच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. तुमच्या पायरेट्सचा पॉल स्कीन्स ११ मे २०२४ ला उतरला, रूकी ऑफ द इयर झाला आणि वर्ष त्याच्या खात्यात पडलं. पण मतदानात तिसऱ्या-चौथ्या नंबरवर येणाऱ्याचं काय? ही पद्धत लबाडीची आहे, मग संघ ‘त्याला अजून क्षेत्ररक्षण शिकायचंय’ असं कितीही सांगो.

आता दुसरा प्रश्न.

मी पेनसिल्व्हेनियात अल्टूनाला रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात नोकरीला होतो. पायरेट्सचा डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा) संघ, अल्टूना कर्व्ह, तिथलाच. डोंगरातल्या रेल्वेच्या प्रसिद्ध वळणावरून त्याचं नाव पडलंय. मैदान छोटं, उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे जुना लाकडी रोलर कोस्टर. आमच्या घराचा तळघराचा भाग आम्ही भाड्याने द्यायचो आणि २०१७ च्या उन्हाळ्यात तिथे कर्व्हचे तीन खेळाडू राहायला आले. हवेच्या गाद्या टाकून झोपायचे. त्या काळात डबल-एला आठवड्याला ३५० डॉलर किमान पगार होता, तोही फक्त हंगामाचे महिने. फ्लोरिडात वसंतातल्या सरावाला पगार नाही, हिवाळ्यात काही नाही. मेनमधल्या पोर्टलंडला सामना असला की रात्रभर बस, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानात.

त्यातला एक डॉमिनिकन प्रजासत्ताकातला, सान पेद्रो दे माकोरिसच्या बाजूचा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. सोळाव्या वर्षी सही केलेला, बोनस किरकोळ. आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली होती, आणि तिला हा पोरगा वडील साखर कारखान्यात आहेत एवढं सांगून बसला. झालं. ऊस कधी लावतात, तोड कोण करतं, कारखाना पैसे वेळेवर देतो का, सगळी चौकशी झाली, दुभाष्या मी. त्यांच्याकडे रोज भात आणि घेवड्यासारखं शिजवलेलं कडधान्य असतं, म्हणून आईचा अख्खा मसूर त्याला पहिल्या घासाला पटला. सामना नसेल त्या रात्री तो वरच जेवायचा. बाकीचे दोघे पिझ्झावर.

जुलैत एका रात्री तो जेवण झाल्यावर एक कागद घेऊन आला. एका गुंतवणूक कंपनीचा होता. कंपनी आत्ता रोख रक्कम देणार, आणि त्याबदल्यात तो मेजर लीगमध्ये पुढे जे कमावेल त्यातले काही टक्के कायम कंपनीचे. वर पोचलाच नाही तर एक पैसाही परत करायचा नाही. रक्कम मोठी नव्हती, पण गावाकडे आईला पक्कं घर बांधून वर थोडे उरतील एवढी होती. ‘मी करू का?’ एवढंच त्याने विचारलं. तिकडे त्याचा एजंट फोन उचलत नव्हता.

त्या आठवड्यात माझा मेहुणा न्यू जर्सीहून आलेला होता. विम्याच्या गणिताचं त्याचं शिक्षण आणि नोकरी, आकड्यांत पक्का. त्याने कागद वाचला, पाठीमागे पेन्सिलने हिशोब मांडला आणि म्हणाला, “दाजी, ही सरळ लूट आहे. ९५ मैलांनी चेंडू टाकतो हा. वर जायची शक्यता धरा, तिथला सरासरी पगार धरा, हे टक्के काढा. कंपनी त्याला अर्धीसुद्धा किंमत देत नाही.”

हिशोब बरोबर होता. मी तेव्हाही तसं म्हटलं, आजही म्हणतो. पण तो हिशोब कंपनीचा होता. कंपनीकडे अशी शेकडो पोरं आहेत, त्यातली बहुतेक बुडली तरी दोन-चार तरली की सरासरी भरून निघते. या पोराकडे कोपर एकच आहे. त्याच्या आयुष्यात सरासरी येणारच नाही. एक तर वर जाईल, नाही तर घरी. मी त्याला म्हटलं, घे. मेहुण्याने त्याला कागदावरचे आकडे दाखवून इंग्रजी-स्पॅनिश मिसळून तासभर समजावलं, आणि वर सांगितलं की पुढच्या वर्षी संघच तुला मेजर लीगच्या ४० जणांच्या यादीत घेईल, मग अशा कागदांची गरज उरणार नाही. पोरगा शिकलेल्या माणसाचं ऐकून खाली गेला. सही केली नाही.

ऑगस्टमध्ये त्याच्या कोपराचा लिगामेंट गेला. मनगटाजवळचा टेंडन काढून कोपरात बसवायचं ते ऑपरेशन झालं, ऑपरेशनचा खर्च संघाने केला हे नमूद करतो. त्या सप्टेंबरला कर्व्हने ईस्टर्न लीग जिंकली, आणि हा हाताला ब्रेस लावून आमच्या सोफ्यावर. वर्षभराहून जास्त काळ फ्लोरिडात व्यायाम केला, वेग परत आला नाही. २०१९ च्या वसंतात संघाने त्याला सोडलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचाही नव्हता. त्याच संघात त्याच ऑगस्टमध्ये मिच केलर आला होता, ज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये पायरेट्सशी पाच वर्षांचा ७.७ कोटी डॉलरचा करार केला. बातम्या केलरच्या येतात.

मेहुणा अजून स्वतःचं खरं करतो. त्याच्या पोतडीत दोन नावं पक्की असतात. पहिलं जॉर्ज स्प्रिंगर: ह्यूस्टनने पदार्पणाआधी देऊ केलेला सात वर्षांचा २.३ कोटी डॉलरचा करार त्याने नाकारल्याच्या बातम्या होत्या, आणि २०२१ मध्ये टोरोंटोकडून सहा वर्षांचे १५ कोटी घेतले. दुसरं फर्नांडो तातिस ज्युनियर. त्याने मायनर लीगमध्ये असताना असाच कंपनीचा कागद सही केला, बातम्यांनुसार २० लाखांच्या बदल्यात १० टक्के. मग २०२१ मध्ये सान डिएगोने त्याला १४ वर्षांचे ३४ कोटी दिले. टक्के तुम्हीच काढा. २०२५ मध्ये तो त्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेला.

माझ्याकडेही नावं आहेत. ह्यूस्टनचाच जॉन सिंगलटन, स्प्रिंगरचाच सहकारी. जून २०१४ मध्ये मेजर लीगचा एकही सामना न खेळता त्याने पाच वर्षांचे १ कोटी घेतले. बड नॉरिससारख्या खेळाडूंनी त्याला जाहीर नावं ठेवली, युनियनचं ऐकायला हवं होतं म्हणाले. त्या वर्षी त्याची फलंदाजीची सरासरी .१६८ (अगदीच कमी) राहिली, आणि २०१५ नंतर तो थेट २०२३ मध्ये पुन्हा मेजर लीगमध्ये दिसला. सही केली नसती तर ती मधली वर्षं कशावर काढली असती? फिलाडेल्फियाचा स्कॉट किंगरी घ्या, २०१८ मध्ये पदार्पणाआधी सहा वर्षांचे २.४ कोटी, २०२१ मध्ये तो ट्रिपल-एला (मेजर लीगच्या एक पायरी खाली) परतला, पण पैसे येत राहिले. या दोघांना कुणी ‘स्वस्तात गेला’ म्हणत नाही, कारण त्यांची आठवणच कुणाला येत नाही. वादात फक्त स्प्रिंगर येतो. जे तरले तेवढेच मोजायचे हा कसला हिशोब?

आणि तुम्ही पायरेट्सवालेच आहात म्हणून ग्रेगरी पोलांको. २०१४ च्या एप्रिलमध्ये तो इंडियानापोलिसला, पायरेट्सच्या ट्रिपल-ए संघात, जबरदस्त खेळत होता, वर मेजर लीगच्या संघाची मैदानाच्या उजव्या बाजूच्या जागेसाठी ओढाताण चालली होती, आणि तेव्हा बातमी फुटली की संघाने देऊ केलेला सात वर्षांचा २.५ कोटींचा करार त्याने नाकारला. बोलावणं जूनमध्ये आलं. दोन्हींचा संबंध असेल-नसेल, पण वीस-बावीस वर्षांच्या पोरावर दोन्ही बाजूंनी कसं दडपण येतं ते यात दिसतं. २०१६ मध्ये त्याने पाच वर्षांचे ३.५ कोटी घेतले. पैज जिंकला तो, हे मी मान्य करतो. पुढे खांदा गेला, २०२१ मध्ये पायरेट्सनी त्याला सोडलं. म्हणजे त्यानेही शेवटी केलं काय? मोकळा होण्याची वाट न बघता खात्रीचे पैसे घेतले. नीट बघितलं तर पोलांको माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे, हे मी मेहुण्याला कितीदा सांगितलंय.

खासगी कंपनीचा कागद आणि संघाचा करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही आता लिहितो, नाही तर कुणी तरी टिप्पणीत लिहीलच. संघाच्या करारात पैसा खात्रीचा असतो आणि देणाऱ्याला खेळाडू हवा असतो. कंपनीच्या कागदात टक्के आयुष्यभर चिकटतात. माझा भाडेकरू सोडून दुसऱ्या कुणी आज मला तोच कागद दाखवला, तर टक्के किती आणि किती वर्षांसाठी, हे वाचल्याशिवाय मी ‘घे’ म्हणणार नाही. शिवाय २०१७ ची परिस्थिती आता राहिलेली नाही. २०२२ पासून राहायची सोय संघाला करावी लागते, त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू युनियनमध्ये आले, आणि २०२३ च्या करारानंतर डबल-एचा किमान पगार वर्षाला ३०,२५० डॉलर झाला. पोट भरलेल्या पोराला कागद नाकारायला थोडं सोपं जातं.

खरा घोळ कराराच्या शेवटच्या वर्षांत असतो, तिकडे बघत जा. अटलांटाच्या ओझी ॲल्बीजने २०१९ मध्ये सात वर्षांचे ३.५ कोटी घेतले आणि वर दोन वर्षांचा पर्याय संघाच्या हातात दिला, वर्षाला ७० लाखांच्या दराने. तो तेव्हा आधीच ऑल-स्टार होता. खात्रीचे पैसे घ्यावेत, पण पुढची वर्षं असल्या दराने संघाला देऊन टाकू नयेत. त्याच्या वतीने बोलणाऱ्यांनी तिथे अडून बसायला हवं होतं. याउलट मिलवॉकीच्या जॅक्सन चौरियोने डिसेंबर २०२३ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, एकही सामना न खेळता आठ वर्षांचे ८.२ कोटी घेतले. त्याला कुणी स्वस्त म्हणून दाखवावं.

रिंकू आणि दिनेशबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. २००८ च्या नोव्हेंबरात सही झाली, दिनेश २०१० नंतर घरी, रिंकू सिंगल-एपर्यंत पोचला आणि २०१२ नंतर दुखापतींनी त्याला खेळूच दिलं नाही. लांबच्या कराराची वेळ त्यांच्यावर आलीच नाही, जशी मायनर लीगमधल्या बहुतेकांवर येत नाही.