आजी तुला नावाने हाक का मारत नाही

प्रिय दामू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. तेव्हा ट्रेनमध्ये होतो म्हणून लगेच उत्तर दिलं नाही, आणि नंतर वाटलं की हे फोनवर बोलण्यासारखं नाहीच, कारण फोन आजीच्या शेजारी असणार आणि स्पीकर कायम चालू. म्हणून लिहितोय. वाचायचा कंटाळा आला तर आत्याकडून वाचून घे, पण दुपारी आजी जरा पडली की मग.

तू म्हणालास की आजी मांजराला मनी म्हणते, पाववाल्याला नावाने हाक मारते, अख्ख्या वाड्यातल्या पोरांची नावं तिला पाठ, मग मलाच का नुसतं 'पुता', 'बाळा', नाहीतर 'अरे ऐकलंस काय', तिला माझं नाव आवडत नाही का. आणि पुढे रडवेल्या आवाजात, की हे असलं जुनं नाव ठेवलंच का, बॉस्टनला क्लासमध्ये 'डॅम' म्हणून चिडवतात, वाटलं होतं मडगावला तरी दोन-चार दामोदर भेटतील तर तिथेपण सगळे आरव आणि विहान.

अरे, ते नाव आजीनेच ठेवलंय. मी नाही, आईने तर नाहीच नाही, आईच्या लिस्टमध्ये तीन नावं होती आणि तिन्ही दोन अक्षरी. तू जन्मलास त्याच्या आदल्या वर्षी आजोबा गेले. आजोबांचं नाव दामोदर. आपल्याकडे पहिल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची जुनी रीत आहे, सगळीकडे नाही आणि आता तर फारच कमी, पण आपल्या घरात होती. आजी फोनवर मला म्हणाली, "त्यांचं नाव ठेवशील ना रे?" एवढंच. नाव काय ते बोलली नाही, कारण तिने ते कधीच घेतलेलं नाही.

आता हे तुला विचित्र वाटेल. आजीच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. 'हे', 'अहो', 'घरातले', 'ह्याचे बाबा', असं काहीही म्हणतील पण नाव नाही. सासऱ्यांचंही नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन, आजी मला घेऊन एका ऑफिसात गेली होती कसलासा फॉर्म द्यायला, काउंटरवरच्या माणसाने मान खाली ठेवूनच विचारलं, नवऱ्याचं नाव? आजी गप्प. त्याने परत विचारलं. आजीने माझ्या पाठीवर बोट टोचलं आणि मी जोरात ओरडलो, दामोदर! मागच्या रांगेतली माणसं हसली. आजी घरी येईपर्यंत माझा हात धरून होती आणि बाजारात मला एक लिमका पाजला, त्या काळात ते मोठं बक्षीस होतं.

तर तुझं बारसं झालं आपल्या जुन्या अपार्टमेंटमध्ये. पाळणा कुठला, कपड्यांची वेताची बास्केट, तिला आईची ओढणी बांधलेली. बारशात बायका बाळ पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींना देतात आणि म्हणतात, गोविंद घ्या कोणी गोपाळ घ्या, आपल्याकडे तेवढ्या बायकाच नव्हत्या म्हणून शेजारची कोरियन मावशी उभी राहिली आणि तिने ते सगळं मन लावून केलं. मग आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते, हा तिचा मान. आत्या मडगावात. तिने लॅपटॉपवरून कुर्रर्र केलं, मी लॅपटॉप तुझ्या कानाला लावला, आवाज दोन सेकंद उशिरा आला आणि तू दचकून रडायला लागलास. मागे आजी दिसत होती, ती पदराने चष्मा पुसत होती. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं असणार की बाई गं, आता ह्या पोराला मी हाक काय मारू.

ही फक्त आपल्या घरातली गंमत नाही. धर्मानंद कोसंबी म्हणून गोव्याचे फार मोठे माणूस होऊन गेले, १८७६ साली साखवाळला जन्मले, बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले, श्रीलंका, ब्रह्मदेश सगळं पालथं घातलं आणि पाली भाषेचे इतके मोठे पंडित झाले की हार्वर्डने बोलावून घेतलं. त्यांच्या वडिलांचं नाव दामोदर. त्यांना १९०७ साली मुलगा झाला, त्याचं नाव दामोदर. म्हणजे दामोदर, धर्मानंद दामोदर, दामोदर धर्मानंद, अशी साखळी. हा धाकटा दामोदर १९१८ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेला गेला, अकरा वर्षांचा, आज तू आहेस तेवढाच, आणि कुठे गेला माहिती आहे? बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला. आपण ज्या नदीकाठी शनिवारी सायकल चालवतो तिथेच तो शाळेत गेला, पुढे हार्वर्डमधून १९२९ ला डिग्री घेतली, गणिती झाला आणि मग भारताचा इतिहास असा लिहिला की अजून लोक त्यावर भांडतात. त्या वर्गात त्याला काय म्हणून चिडवत असतील देव जाणे. आणि घरात त्याला काय म्हणायचे? 'बाबा'. माझा आपला अंदाज आहे हं, पण सासऱ्यांचं नाव मुलाला दिलं तर त्या काळातली आई त्याला हाक दुसरी काय मारणार.

माजोर्ड्याचे दामोदर मावजो घे. गोव्यात आजवर ज्ञानपीठ दोनच लेखकांना मिळालं, आधी रवींद्र केळेकर आणि नंतर हे, दोघंही कोंकणीत लिहिणारे. त्यांना अख्खा गोवा 'भाई' म्हणतो. दामोदर म्हणून हाक मारलेला दामोदर मला आयुष्यात फार भेटला नाही. दामू, दामूअण्णा, बाबू, भाई. माझ्या लहानपणी वाड्यात कोणीतरी "ए दामू" ओरडलं की तीन खिडक्यांतून डोकी बाहेर यायची, एक म्हातारा, एक कॉलेजातला आणि एक नाक पुसणारा. आता त्यातले धाकटे दोघंही काका-आजोबा झाले आणि मागून कोणी आलं नाही. तू आलास.

झाशीच्या राणीचं तुला माहिती आहे, पाठीला बांधलेला मुलगा, पुतळ्यात असतो तो. त्याचं नावही दामोदर, पण ते त्याचं मूळ नाव नव्हतं. तो आनंदराव. राणीचा स्वतःचा मुलगा दामोदर चार महिन्यांचा होऊन गेला होता, पुढे १८५३ मध्ये दत्तक घेतलं तेव्हा त्या मुलाला तेच नाव ठेवलं. म्हणजे गेलेल्याचं नाव पुन्हा घरात आणायचं हे नातवापुरतं नव्हतं.

आता अर्थ. परवा तू आत्याच्या सासरच्या गाईचा व्हिडिओ पाठवलास ना, ती ज्या दोरीने खुंट्याला बांधलीय त्याला मराठीत दावं म्हणतात. संस्कृतमध्ये दाम. नामचं नाव झालं, ग्रामचं गाव झालं, तसं दामचं दावं. उदर म्हणजे पोट. दामोदर, ज्याच्या पोटाला दावं बांधलंय तो. एवढंच, ह्यात सिंह नाही, सूर्य नाही, किंग-वॉरियर काही नाही. यशोदेने कृष्णाला लोणी चोरताना पकडलं आणि उखळाला बांधायला गेली तर दोरी दोन बोटं कमी पडली. दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या संपल्या, तरी दोनच बोटं. शेवटी ती घामाघूम झाली, केस सुटले, तेव्हा ह्याला दया आली आणि बांधून घेतलं. मग उखळ ओढत गेला आणि ते दोन झाडांमध्ये अडकवून झाडंच पाडली. मागच्या परसात जे पालथं पडलेलं दगडी उखळ आहे, ज्यावर बसून तू मला फोन करतोस कारण तिथे रेंज येते, साधारण तसलंच. हलवून बघ, मी बारावीत असताना पैज लावून प्रयत्न केला होता आणि कंबर धरून चार दिवस झोपलो होतो.

संध्येत चोवीस नावं असतात, केशव, नारायण, माधव करत जायचं, त्यात बारावं दामोदर. पहिली बारा नावं बारा महिन्यांचीही, मार्गशीर्षाचा केशव तिथून कार्तिकाचा दामोदर. आजोबा सकाळी पाटावर बसून ती पुटपुटायचे आणि मी बोटांवर मोजत बसायचो की बाबा स्वतःचं नाव कधी घेतात. बाराव्याला ते मुद्दाम माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. आजी आत चहा गाळत असायची.

पण मडगावात एवढे दामोदर झाले ते कृष्णामुळे नाहीत, जांबावलीच्या देवामुळे. आणि गंमत म्हणजे तो कृष्ण नाहीच, तिथे शंकराचं लिंग आहे. नाव विष्णूचं, देव शंकर, गोव्यात हे कोणाला खटकत नाही. आजोबा सांगायचे ती गोष्ट अशी की दामोदर नावाचा एक तरुण लग्न करून येताना मारला गेला आणि त्याच्या नावाने ते लिंग झालं. देव मूळ मडगावचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली, म्हणजे मडगावच्या भागातली, देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी त्याला रातोरात त्यांच्या हद्दीबाहेर, कुशावती नदीच्या काठी जांबावलीला नेलं. मडगावकर अजून त्याला आपलाच मानतात, शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, दिवसांत गुलालाला अर्धं मडगाव तिथे असतं, आणि घरी परतलेल्या माणसाचे कान पुढचे चार दिवस गुलाबी. अंघोळीने जात नाही, मी खोबरेल तेल लावायचो.

आजी हा देवसुद्धा नावाने घेत नाही, लक्ष दिलंस का? 'जांबावलीचा देव' म्हणते. देवाचं नाव घेतलं तर नवऱ्याचं घेतल्यासारखं होतं ना.

तू विचारशील की मग कधीच नाही? तर घेतलंय. उखाण्यात. लग्नात, मंगळागौरीला, हळदीकुंकवाला बायका एकमेकींना अडवतात, नाव घे नाव घे, आणि मग यमक जुळवून घ्यावं लागतं, तिथे परवानगी असते. आजीचा उखाणा आत्याला पाठ आहे आणि मलाही:

कुशावतीच्या काठी गुलालाचा सडा,
दामोदररावांच्या नावाने भरते हिरवा चुडा.

मी तो शेवटचा ऐकला आत्याच्या लग्नात. आजी लाजून लाल झाली होती आणि आजोबा मंडपाच्या दुसऱ्या टोकाला आचाऱ्याशी भांडत होते, त्यांना ऐकूच आलं नाही. मग तिने परत नाही म्हटलं, कितीही आग्रह केला तरी.

ही रीत चांगली की वाईट हे मला विचारू नकोस, तुझ्या आईचं त्यावर मत आहे आणि ते तुला ती स्वतः सांगेल, मोठ्या आवाजात. ती तर मला एकेरी नावाने हाक मारते आणि तुला पहिल्या दिवसापासून दामू म्हणते. आजी पहिल्यांदा आपल्याकडे आली होती तेव्हा आई किचनमधून "दामू, दूध पी" असं ओरडली आणि आजीच्या हातातून चमचा पडला. नंतर सवय झाली. जाताना तर आईला म्हणाली, तू मार हाक, घरात ऐकू येतं तेवढं बरं वाटतं.

म्हणून 'पुता' म्हटलं की रुसू नकोस. आणि तिला "आजी माझं नाव घे" म्हणून मागे लागू नकोस, मी तुला ओळखतो. एक कर, तिचा फोन हातात असेल तेव्हा कॉन्टॅक्ट्स उघड. तुझं नाव 'पुता' म्हणून सेव्ह आहे, आत्याने टाइप करून दिलंय. त्याच्या बरंच खाली 'हे' म्हणून एक नंबर आहे. तो आजोबांचा. बंद होऊन बारा वर्षं झाली. फोन दोनदा बदलला, दोन्ही वेळा तिने आत्याला विचारलं, सगळे नंबर आले ना, सगळे? तो डिलीट करू नकोस आणि त्यावर चुकून कॉलही लावू नकोस, आता तो दुसऱ्याच कोणाला तरी मिळाला असेल.

श्रावणात वास्कोला दामोदराचा सप्ताह असतो, नाव सप्ताह पण भजन चोवीस तास अखंड चालतं आणि जत्रा मात्र पुढे कित्येक दिवस. सव्वाशे वर्षांपूर्वी वास्कोत साथ आली होती तेव्हा लोकांनी जांबावलीहून देवाचा नारळ आणून भजन सुरू केलं, साथ ओसरली, आणि तेव्हापासून दरवर्षी. रात्री वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, निघतात, देखावे असतात, तुला आवडेल. आत्या तुला नेईल, मी तिला सांगितलंय. छत्री नको, रेनकोट घाल, त्या गर्दीत छत्री म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यात काडी. तिथे हजारो लोक एका सुरात तुझं नाव घेत असतील. आजी पण असेल, तिच्या बाजूला उभा राहा, ती टाळ्या वाजवते, ओठ हलतात का ते मात्र बघू नकोस.

येताना खाजं आण, आल्याचं, पाव किलो पुरे, मागच्या वेळी तू विमानातच संपवलं होतंस.

तुझा
पप्पा