स्मरणार्थ भक्तीत आजींविषयी काय वाचावे?

प्रश्न : आमच्या आजी ९१ व्या वर्षी प्रभूजवळ गेल्या. राहुरी तालुक्यातल्या खेड्यांतून त्यांनी आयुष्यभर बायबल वुमन (घरोघरी जाऊन बायकांना बायबल शिकवणारी सेविका) म्हणून सेवा केली. स्मरणार्थ भक्तीत पाच मिनिटांचा जीवनवृत्तान्त वाचायचा आहे. पण कुणालाही विचारा, ‘फार प्रेमळ, प्रार्थनाशील’ एवढेच ऐकायला मिळते. लिहायचे काय?

उत्तर : ‘आजी कशा होत्या?’ असे विचारले की विशेषणेच हाती येतात. ‘त्यांनी तुमच्या घरासाठी काय केले? तेव्हा तुम्ही कुठे राहत होता?’ असे विचारा. बायबलात प्रेषितांची कृत्ये ९:३६-३९ काढून पाहा. यापोची टबीथा वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत प्रेषित पेत्राजवळ उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. आजींचे अंगरखे शोधा. कुणाच्या बाळंतपणाला त्या रात्रभर बसल्या, कुठल्या वस्तीवर कंदिलाच्या उजेडात बायकांना अक्षरे गिरवायला शिकवली, कुणाच्या पोराची फी भरली. असे तीनच प्रसंग घ्या, पण प्रत्येकात गावाचे नाव आणि एखादी वस्तू असू द्या.

साल कुणालाच आठवत नाही, तेव्हा मोठ्या घटनेचा आधार घ्या. ‘पानशेतच्या पुराआधी की नंतर?’ (१२ जुलै १९६१), ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा?’ (११ डिसेंबर १९६७). ‘सुकडी वाटायचे त्या दिवसांत’ असे कुणी म्हणाले तर ते १९७२ च्या दुष्काळाचे समजा.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळा. ज्यांना मदत झाली त्यांचे नाव घेण्याआधी त्या घरची परवानगी घ्या. भरल्या मंडळीत आपल्या गरिबीची किंवा घरातल्या दारूची गोष्ट ऐकणे फार जड जाते, आणि मत्तय ६:३ प्रमाणे डाव्या हाताला कळू न देता दिलेले दान आपणही झाकूनच ठेवावे.

सावकाश वाचले तर मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. वाचताना गळा दाटतो, थांबावे लागते. म्हणून ५०० शब्दांच्या वर जाऊ नका. मुले, सुना, जावई, नातवंडे यांची यादी वाचायला घेतली की दोन मिनिटे तिथेच जातात. ती छापील पत्रिकेत द्या. मजकूर मोठ्या अक्षरात छापा आणि दुसरी प्रत पहिल्याच बाकावर बसणाऱ्या एखाद्या नातेवाइकाजवळ ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे वाचवले नाही तर तो उठून पुरे करील.

प्रश्न : आईच्या आधार कार्डावर एक जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. कबरीच्या दगडावर कोणती घालू?

उत्तर : दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. बाप्तिस्म्याचे रजिस्टर पाहा. बाळपणीच बाप्तिस्मा झाला असेल, तर तिथली जन्माची नोंद सर्वांत जवळच्या काळात झालेली असते. मात्र जन्माची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख असे दोन रकाने असतात आणि उतरवताना हमखास घोटाळा होतो. दोन्ही लिहून घ्या. पाळकसाहेबांना अर्ज देताना माहेरचे आडनाव, वडिलांचे नाव, गाव आणि अंदाजे साल द्या; सासरच्या नावाने शोधले तर काहीच सापडत नाही. तुमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली असेल तर लक्षात ठेवा : निरनिराळे पंथ एकत्र येऊन या चर्चची स्थापना नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली. त्याआधीच्या वह्यांवर जुन्या मिशनचे किंवा पंथाचे नाव असते, त्यामुळे ‘ही आपली वही नव्हे’ म्हणून ती बाजूला टाकू नका. तिथेही नाही मिळाले तर लग्नाच्या रजिस्टरात वय आणि वडिलांचे नाव सापडते. तरीही खात्री होत नसेल तर दगडावर नुसते साल कोरा.

प्रश्न : आजीच्या बायबलात समासभर तिच्या हातच्या नोंदी आहेत, पाने सुटली आहेत. कसे जपू?

उत्तर : सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडतो आणि शाई खातो. लॅमिनेशनही नको. आधी नोंदी असलेल्या प्रत्येक पानाचा खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा. सुटलेली पाने क्रमाने जागच्या जागी ठेवून ग्रंथ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि कपाटात आडवा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात ओल कोंडून बुरशी धरते.