शंभर ग्रॅम ग्रीन टी कोण पितं?

प्रश्न : माझं वय ४६. तपासणीत साखर सीमारेषेवर आली आणि हिमोग्लोबिन १०.२. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. एका तक्त्यात वाचलं, की १०० ग्रॅम ग्रीन टीमध्ये प्रथिनं २४ ग्रॅम, तंतू ४६ ग्रॅम आणि क जीवनसत्त्व २६० मिलिग्रॅम असतं. द्राक्षांत प्रथिनं ग्रॅमभरही नाहीत, साखर मात्र भरपूर. तेव्हापासून द्राक्षं बंद केली आणि दिवसाला पाच-सहा कप ग्रीन टी घेते. पहिला कप सकाळच्या गोळीबरोबरच होतो. बरोबर चाललंय ना?

उत्तर : तक्ता खोटा नाही, पण तो वाळलेल्या पानांचा आहे. पत्र वाचून मी ओट्यावर वजनकाटा मांडला आणि चहाचा एक सपाट चमचा त्यावर टाकला. भरला २ ग्रॅम. म्हणजे तुमच्या तक्त्यातल्या १०० ग्रॅममध्ये पन्नास कप होतात. २ ग्रॅम पानांत प्रथिनं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलीही बहुतेक पाण्यात उतरतच नाहीत. चहा गाळल्यावर चोथा बशीत पसरून पाहिला. काड्यांसारखी वळलेली पानं उलगडून चांगली बोटभर लांब, हिरवी, मऊ झाली होती. तुमची प्रथिनं आणि तंतू त्या बशीत होते. बशी मी कुंडीत रिकामी केली.

कपात उरलं ते जवळजवळ निव्वळ पाणी. उष्मांक दोन-तीन, ३० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन, कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं आणि किरकोळ क जीवनसत्त्व. साखर न घालता प्यायलात तर पेय म्हणून उत्तम. पण त्याने पोट भरत नाही आणि फळाची जागाही भरून निघत नाही.

आता द्राक्षं. काट्यावर वीस टपोरी द्राक्षं ठेवली, १०३ ग्रॅम झाली. एवढ्यांत उष्मांक ७० च्या घरात, साखर साधारण १६ ग्रॅम म्हणजे चहाचे चार चमचे, पोटॅशियम १९० मिलिग्रॅम, थोडं के जीवनसत्त्व आणि तंतू जेमतेम १ ग्रॅम. तेव्हा साखरेबद्दल तुमचं म्हणणं चूक नाही. फक्त ही साखर ८० टक्के पाण्यात विरघळलेली आणि सालीत बांधलेली असते, एकेक द्राक्ष चावून खावं लागतं, त्यामुळे हात आपोआप थांबतो. रस काढलात की ही अडचण संपते, आणि ती अडचणच तुमच्या कामाची होती. बेदाण्यांचंही तेच. पाणी उडालं तरी साखर तिथल्या तिथेच. लहानशी मूठ तोंडात टाकली की वीस द्राक्षांची साखर दोन घासांत संपते. तुमची साखर अजून सीमारेषेवर आहे, तेव्हा पंधरा-वीस द्राक्षं जेवणानंतर किंवा चार बदामांबरोबर खा, आणि त्या दिवशी दुसरं गोड टाळा. पूर्ण बंद करायचं कारण मला दिसत नाही.

मला या पत्रात खरी खटकली ती सकाळची गोळी. चहातली ती तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यातून शोषू देत नाहीत. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि चहाशी तिचं निदान एक-दोन तासांचं अंतर ठेवा. जेवणाला लागून होणारे कपही मागेपुढे सरकवा. द्राक्षांतलं क जीवनसत्त्व लोहाच्या मदतीला येईल, असं सांगून तुम्हाला खूश करता आलं असतं, पण १०० ग्रॅममध्ये ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. त्यासाठी संत्रं, पेरू, लिंबू ही फळं बरी. आणि हिमोग्लोबिन १०.२ का झालं, हे डॉक्टरांना विचारलंत का? पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही.

प्रश्न : अँटिऑक्सिडंट कशात जास्त, ग्रीन टीत की काळ्या द्राक्षांत?

उत्तर : दोन्हींत आहेत, पण वेगवेगळ्या जातकुळीची. चहात कॅटेचिन, काळ्या द्राक्षांच्या सालीत रंग देणारी अँथोसायनिन. द्राक्षाच्या सालीतल्या रेस्वेराट्रॉल या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटचं नाव बरंच गाजलं, पण द्राक्षात ते अगदी कणभर असतं. दोन आकडे शेजारी मांडून विजेता ठरवायचा मोह आवरा. परीक्षानळीत मोजलेली ताकद शरीरात तशीच चालेल असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अशा आकड्यांचा मोठा तक्ता तयार केला होता, तो २०१२ मध्ये त्यांनीच मागे घेतला. एक मात्र सांगते : ‘अर्क जास्त म्हणजे फायदा जास्त’ म्हणून ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घेऊ नका. कपाने जे होत नाही, ते यकृताचं नुकसान जादा मात्रेच्या कॅप्सुलांनी झाल्याची उदाहरणं आहेत.

प्रश्न : कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर द्राक्षं चालत नाहीत असं वाचलं. आईला बंद करू का?

उत्तर : नका करू. ही भाषांतराची गंमत आहे. ते फळ ‘ग्रेपफ्रूट’, म्हणजे मोसंबीच्या कुळातलं, चकोतऱ्यासारखं मोठं आणि कडसर. त्याच्यामुळे आतड्यातलं, औषध मोडणारं एक विकर (एन्झाइम) अडतं आणि स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या काही गोळ्या रक्तात नको तेवढ्या वाढतात. कुणीतरी त्याचं ‘द्राक्षफळ’ करून टाकलं आणि बिचारी द्राक्षं बदनाम झाली. आईंना द्राक्षं खाऊ द्या, आणि ग्रेपफ्रूटबद्दल गोळीचं नाव दाखवून डॉक्टरांना विचारा.