विटा रचणारा मॅरेथॉन चॅम्पियन

प्रश्न: 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले हे माहितीये, पण ती जिंकली कोणी? मित्र म्हणतो जिंकणारा अमेरिकेत गवंडी होता, मग मेडल फिनलंडचं कसं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मित्राचं बरोबर आहे. हान्नेस कोलेहमाइनेन, फिनलंडमधल्या कुओपिओचा, जन्म 1889 चा, आणि पक्का शाकाहारी. 1912 ला स्टॉकहोममध्ये 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि क्रॉसकंट्री अशी तीन गोल्ड त्याने एकट्याने आणली. त्यातली 5,000 ची रेस म्हणजे काय सांगू, फ्रान्सचा जाँ बुआँ पुढे आणि हा त्याच्या पाठीला चिकटलेला, हा पुढे जायला बघतो की बुआँ परत जोर लावतो, असं करत करत अगदी शेवटच्या काही मीटरात हा निसटला, 14:36.6 विरुद्ध 14:36.7! त्याआधी 15 मिनिटांच्या आत कोणाचा रेकॉर्डच नव्हता.

पण फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात, त्यामुळे एवढं जिंकून वर चढला तो रशियाचा झेंडा. जिंकलोच नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं, असं तो म्हणाल्याचं सांगतात. मला त्याच्या अख्ख्या करिअरमध्ये हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

त्याच वर्षी तो अमेरिकेला गेला आणि ब्रुकलिनमध्ये राहून गवंडीकाम करायला लागला, म्हणजे तीन गोल्डवाला माणूस पोटासाठी विटा रचतोय आणि सोबत पळणंही चालूच. 1916 चं ऑलिम्पिक महायुद्धात गेलं, ऐन उमेदीची वर्षं तशीच गेली.

आता मेडलचं. 1917 ला फिनलंड स्वतंत्र झाला, आणि हान्नेसला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं 1921 ला, म्हणजे अँटवर्पला तो फिनलंडकडूनच पळाला. अंतर 42.75 किलोमीटर, ऑलिम्पिकमधली सगळ्यात लांब मॅरेथॉन, त्यात पाऊस, आणि तिशी ओलांडलेल्या ह्या गवंड्याने 2:32:35.8 ला संपवली, एस्टोनियाचा युरी लॉसमन जेमतेम 13 सेकंद मागे. ह्या वेळी झेंडा फिनलंडचाच.

नंतर तो मायदेशी परतला. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये फिनलंडचाच दिग्गज धावपटू पावो नुर्मीने मैदानात ज्योत आणली आणि स्टेडियमच्या टॉवरवरची ज्योत पेटवली ती 62 वर्षांच्या हान्नेसने.

आणि हो, आपले चौगुले त्या पावसात 19 वे आले, वेळ 2:50:45.4.